ओझोनचे छिद्र आणि ध्रुवावर झेपावलेली विमाने



ओझोनच्या थराला छिद्र पडले आहे, हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी वाचलेले आहे. शाळेच्या पुस्तकात ते आहे, स्पर्धा परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न असतो आणि दरवर्षी १६ सप्टेंबरला वर्तमानपत्रात त्यावर चार ओळी येतात. फ्रीज आणि स्प्रे यांतील वायूंमुळे हे छिद्र पडले, असे उत्तर आपण पाठ करून लिहितो आणि मार्कही मिळवतो. परंतु हे उत्तर माणसाला मिळाले कसे? दक्षिण ध्रुवावर, जमिनीपासून वीस किलोमीटर उंचीवर, जिथे पक्षीही पोहोचत नाही, तिथे घडणाऱ्या गोष्टीचा दोष हजारो मैल दूर असलेल्या फ्रीजच्या कारखान्यावर कोणत्या पुराव्याने ठेवला गेला? हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. तो विचारला पाहिजे असे आम्हांस वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

ओझोन म्हणजे काय?

आपण श्वासावाटे जो प्राणवायू घेतो त्याच्या एका रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू असतात. ओझोनच्या रेणूत तीन असतात. एवढाच फरक, पण गुणधर्मात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जमिनीजवळ ओझोन आरोग्याला घातक असतो. तोच ओझोन साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, ज्याला स्थितांबर म्हणतात त्या भागात, आपला रक्षक असतो. सूर्याच्या प्रकाशातील अतिनील किरणांचा घातक भाग तो शोषून घेतो. हे किरण मोठ्या प्रमाणात जमिनीवर पोहोचले तर त्वचेचा कर्करोग, मोतीबिंदू, पिकांचे आणि समुद्रातील सूक्ष्म जीवांचे नुकसान अशी संकटे वाढतात.

हा रक्षक किती पातळ असावा? आकाशातील सगळा ओझोन खाली आणून जमिनीवरील दाबाला आणि शून्य अंश तापमानाला पसरला, तर त्याचा थर सरासरी जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचा भरेल. दोन-तीन नाणी एकावर एक ठेवावीत एवढाच. तो मोजण्याच्या एककाला डॉबसन हे नाव आहे. जमिनीवरून ओझोन मोजण्याचे यंत्र तयार करणाऱ्या गॉर्डन डॉबसन या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावावरून ते पडले. ३ मिलिमीटर म्हणजे ३०० डॉबसन. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढील सर्व हकिकत त्याच्याभोवती फिरते.

घट लक्षात आली

अंटार्क्टिका खंडावर हॅली बे येथे ब्रिटिशांचे एक संशोधन केंद्र आहे. १९५७ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या सुमारास तेथे ओझोनचे मोजमाप सुरू झाले आणि वर्षानुवर्षे ते निमूटपणे चालू राहिले. असले काम कोणाला फारसे दिसत नाही. रोज मोजायचे, वहीत लिहायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचे. परंतु याच वहीतून मोठी गोष्ट बाहेर आली. ऑक्टोबर महिन्यात, म्हणजे तिकडच्या वसंत ऋतूत, जो आकडा पूर्वी ३०० च्या आसपास असे तो १९८४ पर्यंत २०० च्या आसपास घसरला होता. आपले यंत्रच बिघडले असेल अशी शंका घेऊन संशोधकांनी दुसरे यंत्र नेऊन पाहिले. तेही तेच सांगू लागले. अखेर जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी मे १९८५ मध्ये 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात हे जाहीर केले. पुढे उपग्रहाच्या आकड्यांतही हीच घट दिसली आणि ती एका जागेपुरती नसून जवळजवळ अख्ख्या अंटार्क्टिकावर पसरली आहे असे कळले.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. छिद्र म्हणजे पत्र्याला पडते तसे आरपार भोक नव्हे. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरपासून काही महिने ओझोनचा थर अतिशय विरळ होतो आणि उन्हाळा लागला की पुन्हा भरून येतो. त्या विरळ झालेल्या भागाला छिद्र म्हणण्याची पद्धत पडली आहे.

तीन संशयित

घट झाली हे नक्की झाले. पण का झाली? याबद्दल शास्त्रज्ञांत तीन मते होती.

पहिले मत असे की, हा सूर्याचा परिणाम आहे. सूर्यावरील हालचाली अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात आणि कमी होतात. त्या वाढल्या की वरच्या हवेत नायट्रोजनची संयुगे जास्त तयार होतात आणि ती ओझोन खातात.

दुसरे मत असे की, ओझोन नष्ट झालेलाच नाही, नुसता सरकला आहे. वाऱ्यांची दिशा बदलल्यामुळे खालची, कमी ओझोन असलेली हवा वर चढते आणि वरच्या ओझोनला बाजूला ढकलते.

तिसरे मत असे की, हा माणसाचा उद्योग आहे. फ्रीज, एअर कंडिशनर, स्प्रेचे डबे आणि फोम यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजेच सीएफसी, हे वायू त्याला कारणीभूत आहेत. हे वायू विषारी नाहीत, पेट घेत नाहीत, कशाशी संयोग पावत नाहीत, म्हणून ते उद्योगाला फार आवडले. परंतु ते नष्ट होत नाहीत हाच त्यांचा दोष ठरला. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी दाखवून दिले की हे वायू हळूहळू वर चढतात, तेथे अतिनील किरणांनी फुटतात आणि त्यांतून सुटा झालेला क्लोरीनचा एक अणू हजारो ओझोन रेणूंचा नाश करू शकतो.

मग तिसरे मतच मान्य का झाले नाही? कारण १९७४ च्या हिशेबाप्रमाणे ही घट सुमारे ४० किलोमीटर उंचीवर आणि अगदी सावकाश व्हायला हवी होती. प्रत्यक्षात ती १२ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात आणि काही आठवड्यांतच होत होती. हिशेब जुळत नव्हता. १९८६ साली सुझन सोलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर एक तोड सुचवली. ध्रुवाच्या हिवाळ्यात स्थितांबर इतके थंड होते की तेथे विशिष्ट प्रकारचे ढग तयार होतात. एरवी निरुपद्रवी संयुगांत अडकून पडलेला क्लोरीन या ढगांच्या कणांवर मोकळा होतो. महिनोन्महिने काळोख असतो तोवर तो नुसता साठत राहतो. ऑगस्ट अखेरीस सूर्य उगवला की तो ओझोनवर तुटून पडतो. त्याच वर्षी सोलोमन स्वतः अंटार्क्टिकावर मॅकमर्डो येथे मोहीम घेऊन गेल्या आणि जमिनीवरून केलेल्या मोजमापात क्लोरीनच्या खुणा सापडल्या. तरीही शंकेला जागा होती. क्लोरीन तेथे आहे हे दिसले, पण ओझोन त्यानेच खाल्ला, हे दाखवायचे राहिले होते.

आम्ही बँकेत काम करणारी माणसे. दिवसाअखेर कॅशमध्ये फरक आला तर अमुक काउंटरवर संशय आहे एवढे म्हणून भागत नाही. व्हाउचर काढून एकेक नोंद ताडून पाहावी लागते. ज्या नोंदीपाशी एका बाजूची रक्कम वाढली आणि तेवढ्याच जागी दुसऱ्या बाजूची कमी झाली, तिथे फरक सापडतो. शास्त्रज्ञांनाही नेमके हेच करायचे होते.

विमानच का?

जमिनीवरचे यंत्र डोक्यावरच्या सगळ्या थराची मिळून एकच बेरीज देते. तेव्हाचा उपग्रहही वरून तशीच बेरीज देत असे. फुगा वर जातो, पण तो जिथून सोडला तेवढ्याच जागेची हवा मोजतो. छिद्राच्या बाहेरून आत जाताना हवेत नेमका काय बदल होतो, हे क्षणाक्षणाला मोजायचे असेल तर यंत्रे घेऊन त्याच उंचीवरून आडवे उडत जाणे हाच एक मार्ग होता.

यासाठी अमेरिकेच्या नासा या संस्थेने १९८७ साली इतर संस्थांच्या सहकार्याने एक मोठी मोहीम आखली. चार देशांतील सुमारे दीडशे शास्त्रज्ञ आणि साहाय्यक तीत सामील झाले. दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकाला, मॅगेलनच्या सामुद्रधुनीवर, चिली देशात पुंता अरेनास नावाचे गाव आहे. तेथील विमानतळ हा मोहिमेचा तळ ठरला. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे तिकडे हिवाळ्याचा शेवट. बोचरे वारे आणि बर्फ यांना तोंड देत हे काम करायचे होते.

मोहिमेत दोन विमाने होती. एक डीसी-८ हे चार इंजिनांचे मोठे प्रवासी विमान. खुर्च्या काढून त्यात प्रयोगशाळाच थाटलेली होती. ते सुमारे १२ किलोमीटर उंचीवरून, अनेक शास्त्रज्ञांना पोटात घेऊन, दहा-अकरा तास उडत असे आणि त्यातील काही यंत्रे लेसरचा झोत वर सोडून ढगांचा व ओझोनचा वेध घेत. त्याने १३ उड्डाणे केली.

दुसरे ईआर-२. हे यू-२ या प्रसिद्ध टेहळणी विमानाचे संशोधनासाठी बनवलेले भावंड. जे विमान शत्रूच्या मुलखाची छायाचित्रे काढण्यासाठी जन्माला आले, तेच येथे साऱ्या मानवजातीच्या कामाला लागले. त्याची लांबी सुमारे १९ मीटर, पण पंख ३१ मीटरांहून अधिक पसरलेले. ते वीस किलोमीटरपर्यंत चढू शकते. त्यात एकच इंजिन आणि एकच वैमानिक. त्याने अंटार्क्टिकाच्या दिशेने १२ उड्डाणे केली.

एकट्या वैमानिकाचे काम

या वैमानिकांविषयी चार शब्द लिहिले नाहीत तर ते अन्यायाचे होईल. एवढ्या उंचीवर हवेचा दाब इतका कमी असतो की उघड्या शरीरातील रक्त आणि द्रव उकळू लागतील. म्हणून वैमानिकाला अंतराळवीरासारखा दाबाचा पोशाख घालावा लागतो. उड्डाणाआधी सुमारे तासभर नुसता शुद्ध प्राणवायू घ्यावा लागतो, म्हणजे रक्तात विरघळलेला नायट्रोजन निघून जातो. जेवण म्हणजे टूथपेस्टसारख्या नळीतील लगदा, तोही हेल्मेटच्या छिद्रातून ओढायचा. परत उतरताना विमानाची चाके सायकलसारखी एकापाठोपाठ एक असल्यामुळे ते तोलून धरावे लागते आणि धावपट्टीवर मागून मोटार पळवणारा दुसरा वैमानिक उंची किती उरली ते बिनतारी यंत्रावर सांगत असतो.

हे सर्व नेहमीचे. अंटार्क्टिकावर त्यात आणखी भर होती. बाहेरचे तापमान उणे ऐंशी अंशांच्या खाली जात असल्याने इंधन गोठेल की काय ही काळजी होती. खाली बर्फ आणि गोठता समुद्र. एकुलते इंजिन बंद पडले असते तर वैमानिकाला वाचवायला कोणी वेळेत पोहोचणे जवळजवळ अशक्य होते. हे ठाऊक असताना ही माणसे पुनःपुन्हा दक्षिणेकडे झेपावली. वैमानिकाच्या मागे यंत्रे वाचायला कोणी नव्हते. यंत्रे आपोआप नोंद करीत, आणि विमान उतरल्यावर शास्त्रज्ञ ती नोंद काढून घेत.

अब्जात एक

या यंत्रांपैकी दोन आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची. एक ओझोन मोजणारे. दुसरे हार्वर्ड विद्यापीठाच्या जेम्स अँडरसन यांच्या गटाचे, क्लोरीन मोनॉक्साइड मोजणारे. क्लोरीनचा अणू ओझोनमधील एक ऑक्सिजन पळवतो तेव्हा क्लोरीन मोनॉक्साइड तयार होते. म्हणजे चोराच्या हातात सापडलेला मुद्देमालच म्हणा ना! पण हा मुद्देमाल किती? हवेच्या एक अब्ज रेणूंत एखादा. शंभर कोटी रुपयांच्या ढिगाऱ्यातून एक ठरावीक रुपया शोधण्यासारखे हे काम.

ते यंत्र असे चाले. विमानाच्या पंखाला लावलेल्या नळीतून बाहेरची हवा जोरात आत येई. त्या हवेत दुसरा एक वायू सोडून क्लोरीन मोनॉक्साइडमधील क्लोरीन सुटा केला जाई आणि विशिष्ट अतिनील प्रकाश टाकला की हे सुटे अणू चमकत. त्या चमकेवरून त्यांची संख्या काढली जाई. विमान तासाला शेकडो किलोमीटर वेगाने पळत असताना हे अखंड चालू.

१६ सप्टेंबर १९८७

ऑगस्टच्या उड्डाणांत दिसले ते असे. ध्रुवाभोवती हिवाळ्यात वाऱ्यांचा एक प्रचंड भोवरा फिरत असतो. विमान त्याच्या कडेतून आत शिरले की क्लोरीन मोनॉक्साइड एकदम वाढे, मात्र ओझोन अजून फारसा कमी झालेला नव्हता. याचा अर्थ, चोर घरात शिरला होता, चोरी व्हायची होती. सूर्य नुकताच उगवत होता.

त्यानंतर दिवस मोठे होत गेले. १६ सप्टेंबरच्या उड्डाणात ईआर-२ सुमारे १८ किलोमीटर उंचीवरून दक्षिणेकडे निघाले. ६८ ते ७० अंश अक्षांशाच्या आसपास भोवऱ्याची कड आली. तेथे क्लोरीन मोनॉक्साइडची रेषा उभी वर चढली, नेहमीच्या हवेच्या मानाने शेकडो पट. आणि नेमक्या त्याच जागी ओझोनची रेषा धाडकन खाली आली, बाहेरच्या निम्म्याहूनही कमी. एवढेच नव्हे, तर मध्ये मध्ये क्लोरीनच्या रेषेला जिथे लहानसा उंचवटा होता, तिथे ओझोनच्या रेषेला तेवढाच खळगा होता. दोन्ही रेषा एकमेकींच्या आरशातील प्रतिबिंबासारख्या. हिशेब जुळला होता.

इतर दोन संशयितांचाही निकाल याच विमानांनी लावला. सूर्याचे मत खरे असते तर छिद्राच्या आत नायट्रोजनची संयुगे वाढलेली दिसायला हवी होती. ती उलट कमी होती. हवा खालून वर चढते हे मत खरे असते तर जमिनीवरून येणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू आत जास्त सापडायला हवा होता. तोही कमीच निघाला, म्हणजे आतली हवा वर चढत नसून खाली उतरत होती. अर्थात वारा आणि थंडी यांचा वाटा नाही असे नव्हे. भोवरा आणि कडाक्याची थंडी नसती तर क्लोरीन मोकळा झाला नसता, आणि म्हणूनच छिद्र दक्षिण ध्रुवावर पडते, मुंबईवर नाही. पण ओझोन नष्ट करणारा क्लोरीनच आणि तो मुख्यतः माणसाने वर पाठवलेला, हे आता पुराव्यानिशी सिद्ध झाले.

पुरावा आणि निर्णय

आता एक विलक्षण योगायोग पाहा. ज्या १६ सप्टेंबर १९८७ रोजी हे विमान दक्षिणेकडे उडत होते, त्याच दिवशी कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात २४ देश आणि युरोपीय समुदाय यांनी सीएफसी निम्म्यावर आणण्याच्या करारावर सह्या केल्या. म्हणजे विमानाचा पुरावा हाती येण्याआधीच राष्ट्रांनी निर्णय घेतला होता. धोका मोठा असेल आणि तो लगेच परत फिरणारा नसेल, तर शेवटची खात्री पटेपर्यंत हात बांधून बसू नये, हा धडा त्यातून मिळतो.

पण पुराव्याचेही मोल कमी नाही. पुरावा नाही म्हणून थांबा, असे म्हणणाऱ्या उत्पादकांचा आधार त्याने काढून घेतला. मार्च १९८८ मध्ये ड्यूपाँ या सीएफसीच्या मोठ्या उत्पादक कंपनीने हे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. निम्म्यावर आणण्याचा करार १९९० साली लंडनला आणि १९९२ साली कोपनहेगनला कडक होऊन संपूर्ण बंदीपर्यंत गेला. लंडनच्या बैठकीत विकसनशील देशांना मदत देणारा निधीही मान्य झाला. श्रीमंत देशांनी वायू सोडायचे आणि गरीब देशांनी खर्च सोसायचा, हे न्यायाचे नव्हते. आपला देश १९९२ साली करारात सामील झाला आणि दम्याच्या औषधी फवाऱ्यांचा अपवाद सोडता २००८ साली येथील सीएफसीचे उत्पादन थांबले. क्रुट्झेन, मोलिना आणि रोलँड यांना १९९५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतरची उड्डाणे

१९८९ साली नॉर्वेतील स्टाव्हँगर येथून हीच दोन विमाने उत्तर ध्रुवाकडे गेली. तेथेही क्लोरीन मोकळा झालेला आढळला. उत्तरेकडील थंडी दक्षिणेइतकी टिकून राहत नाही म्हणून तेथे घट कमी होते, एवढेच. १९९९-२००० च्या हिवाळ्यात स्वीडनमधील किरुना येथून अमेरिकन आणि युरोपीय शास्त्रज्ञांनी मिळून अभ्यास केला, तेव्हा सुमारे १८ किलोमीटर उंचीवर साठ टक्क्यांहून अधिक ओझोन नष्ट झाल्याचे दिसले. रशियाचे जिओफिजिका हे उंच उडणारे विमानही अशा कामी आले. डीसी-८ ने दीर्घ सेवेनंतर २०२४ साली निवृत्ती घेतली.

काम मात्र संपलेले नाही. २०२३ साली अलास्कातून उडालेल्या डब्ल्यूबी-५७ या विमानाने स्थितांबरातील कण तपासले. त्यांतील सुमारे दहा टक्के कणांत जळून खाक झालेल्या उपग्रहांचे आणि अग्निबाणांचे ॲल्युमिनियम व इतर धातू सापडले. याचा ओझोनवर काय परिणाम होईल, हा आजच्या विद्यार्थ्यांपुढचा नवा प्रश्न आहे.

आपल्याकडेही या विषयाची परंपरा आहे. पुण्याच्या हवामान खात्यात ॲना मणी यांनी ओझोन मोजण्याच्या भारतीय उपकरणावर काम केले. अंटार्क्टिकावरील आपल्या मैत्री केंद्रावरूनही ओझोन मोजणारे फुगे सोडले गेले आहेत. आपल्या मुला-मुलींनी, विशेषतः विज्ञान शाखेकडे जाणाऱ्यांनी, ही नावे डोळ्यांसमोर ठेवावीत.

शेवटी एवढेच

ओझोनचा थर आता सावकाश सावरत आहे. जगातील शास्त्रज्ञांच्या २०२२ च्या अहवालानुसार, सध्याची बंधने पाळली गेली तर अंटार्क्टिकावरील ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. इतका उशीर का? कारण सीएफसीचे काही प्रकार हवेत पन्नास, तर काही शंभर वर्षे टिकतात. आपल्या आधीच्या पिढीने स्प्रेचे बटण दाबले, त्याची फेड आपली नातवंडे करतील.

मित्रांनो, लोक सांगतात म्हणून खरे मानणे सोपे आहे आणि लोक सांगतात म्हणून खोटे म्हणणेही तितकेच सोपे आहे. जाऊन मोजणे अवघड आहे. हॅली बेच्या वहीत वर्षानुवर्षे आकडे लिहिणाऱ्यांनी, पंखाखाली यंत्र बसवणाऱ्यांनी आणि एकट्याने गोठत्या समुद्रावरून उडणाऱ्या वैमानिकांनी ते अवघड काम केले, म्हणून जगाला कारण कळले आणि कारण कळले म्हणून उपाय सापडला. परीक्षेत ओझोनचा प्रश्न येईल तेव्हा उत्तर जरूर लिहा. पण घरी आल्यावर स्वतःला आणखी एक प्रश्न विचारा, "हे कसे कळले?" या एका प्रश्नाची सवय लागली, तर या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.